भाषा येईपर्यंत ज्ञानाने थांबावे काय?

तुळजापूर तालुक्यातील एका केंद्राच्या शिक्षण परिषदेत मागील वर्षी एका तरुण शिक्षिकेने एक शंका विचारली. त्यांची शाळा तांड्यावरची. वर्गातील बहुतेक मुले घरी गोरमाटी बोलतात. आपापसांत ती अखंड बोलत असतात. पण बाईंनी प्रश्न केला की माना खाली जातात. त्या म्हणाल्या, "साहेब, या मुलांना मराठीच नीट येत नाही, तर त्यांना परिसर अभ्यास आणि गणित कसे शिकवावे? वर्षभर केवळ मराठी पक्की करून घ्यावी आणि बाकीचे विषय मग हाती घ्यावेत, असे मला वाटते. हे बरोबर आहे काय?"

वेळ थोडा असल्यामुळे त्या दिवशी मी त्रोटक उत्तर दिले. परंतु शंका महत्त्वाची होती आणि ती एकट्या त्या बाईंची नव्हती. उमरगा तालुक्याच्या सीमेवर घरी कन्नड बोलणारी मुले आहेत, शहरांतून व परंड्या-नळदुर्गासारख्या गावांतून उर्दू बोलणारी मुले आहेत, पारधी कुटुंबांतील मुले आहेत. शिवाय जी मुले घरी मराठीच बोलतात, त्यांच्यापुढेही हाच प्रश्न दहा-अकरा वर्षांनी उभा राहतो. तेव्हा ती महाविद्यालयात गेलेली असतात आणि अनोळखी भाषा इंग्रजी असते. म्हणून या प्रश्नाचा विचार वरच्या टोकापासून, म्हणजे महाविद्यालयापासून करून पाहू. पदवीच्या शिक्षणात हा प्रश्न निरनिराळ्या ठिकाणी कसा सोडविला गेला, कोठे यश आले आणि कोठे चूक झाली, हे समजले म्हणजे पहिलीच्या वर्गात काय करावे हेही उमगेल.

आपल्याच इतिहासातील एक प्रयोग

आपल्या जिल्ह्याचे नाव २०२३ साली अधिकृतपणे धाराशिव झाले. त्यापूर्वीचे उस्मानाबाद हे नाव हैदराबादचे शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून पडले होते. त्याच नावावरून १९१८ साली हैदराबाद येथे उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. हिंदुस्थानातील तत्कालीन विद्यापीठे पदवीचे शिक्षण इंग्रजीतून देत असत. उस्मानियाने उर्दू ही शिक्षणाची भाषा ठरविली आणि इंग्रजी हा प्रत्येक विद्यार्थ्यास आवश्यक विषय ठेवला. म्हणजे इतिहास, पदार्थविज्ञान, कायदा, पुढे वैद्यक व अभियांत्रिकी हे सर्व उर्दूतून शिकावयाचे आणि त्याबरोबर इंग्रजीही शिकावयाची, अशी ती योजना होती.

नुसती घोषणा करून हे साधणार नव्हते. विद्यापीठ सुरू होण्याआधीच, १९१७ साली, भाषांतराचे एक स्वतंत्र खाते स्थापन झाले. मौलवी अब्दुल हक यांच्या देखरेखीखाली तेथे भाषातज्ज्ञ आणि त्या त्या शास्त्राचे जाणकार एकत्र बसून परिभाषा ठरवीत. शेकडो ग्रंथ उर्दूत आणले गेले. भारतीय भाषेतून उच्च विज्ञान शिकविता येत नाही, हा समज उस्मानियाने कृतीने खोटा ठरविला. तेथील पदवीधर इंग्रजीस अगदीच पारखेही राहिले नाहीत, कारण ती भाषा त्यांना विषय म्हणून शिकावीच लागे.

इतके असूनही या प्रयोगात एक मोठी उणीव होती आणि तिची झळ आपल्या वाडवडिलांना लागली. हैदराबाद संस्थानातील सुमारे निम्मी प्रजा तेलुगू बोलत असे, सुमारे चौथा हिस्सा मराठी, त्याहून कमी कन्नड. उर्दू ही सुमारे दहाव्या हिश्श्याची भाषा होती. उर्दू बोलणाऱ्या विद्यार्थ्याला या योजनेने स्वभाषेतून पदवी मिळवून दिली. पण कळंबच्या किंवा उमरग्याच्या मराठी मुलाला आधी उर्दू आणि तिच्यामागोमाग इंग्रजी अशा दोन परक्या भाषांचे ओझे उचलावे लागे. प्राथमिक शाळेत काही ठिकाणी मराठी चाले. पण वर जाताच ती मागे पडे. ज्या तत्त्वावर विद्यापीठ उभे होते, त्या तत्त्वाचा लाभ बहुसंख्य प्रजेला झाला नाही.

म्हणूनच मराठवाड्यात लोकांनी स्वतःच्या शाळा काढल्या. हैदराबादेत विवेकवर्धिनी १९०७ साली निघाली, अंबाजोगाईस योगेश्वरी विद्यालय १९१७ साली, आणि आपल्या जिल्ह्यात हिप्परगा येथे १९२१ साली राष्ट्रीय शाळा सुरू झाली. पुढे स्वामी रामानंद तीर्थ या नावाने जे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते झाले, ते या हिप्परग्याच्या शाळेत शिक्षक होते आणि नंतर त्यांनी अंबाजोगाईस काम केले. मुलाला त्याच्या भाषेत शिकू देणे, हे त्या काळी किती धाडसाचे काम होते याची आठवण आपण शिक्षकांनी अवश्य ठेवावी.

१९४८ च्या सप्टेंबरात संस्थान भारतात विलीन झाले. त्यानंतर उस्मानियात उर्दूची जागा इंग्रजीने घेतली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९५८ साली औरंगाबाद येथे मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. १९९४ पासून त्याचे नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ आहे. कला शाखेचा विद्यार्थी तेथे मराठीतून उत्तरे लिहू शकतो. विज्ञान शाखेत मात्र इंग्रजीच राहिली. दहावीपर्यंत मराठीतून विज्ञान शिकलेला मुलगा अकरावीत गेला की एका रात्रीत भाषा बदलते, आणि दोन्ही तीरांस जोडणारा पूल कोणी बांधलेला नसतो.

एक स्वानुभव

हा पूल नसला म्हणजे काय होते, ते मी स्वतः पाहिले आहे. आमच्या वेळी इंग्रजी हा विषय पाचवीपासून सुरू होत असे. पहिलीपासून इंग्रजी २००० साली आले. कळंब तालुक्यातील एका खेड्यातून दहावी उत्तीर्ण होऊन मी १९८६ साली एका महाविद्यालयात अकरावी विज्ञानाच्या वर्गात दाखल झालो. वेग, त्वरण, संवेग या कल्पना मला येत होत्या. त्यांवरील उदाहरणे मी सोडवीत असे. परंतु फळ्यावर व्हेलॉसिटी, ॲक्सिलरेशन, मोमेंटम असे शब्द आले आणि ती माझी ओळखीचीच माणसे नव्या वेषात आली आहेत, हे मला सांगणारे कोणी नव्हते. सहामाही परीक्षेत माझी गणिते बरोबर आली आणि व्याख्यांच्या जागा कोऱ्या राहिल्या.

माझ्या बाकावर बसणारा एक सहाध्यायी गणितात माझ्याहून कितीतरी पुढे होता. दिवाळीच्या सुटीनंतर तो परत आलाच नाही. "मला काहीच कळत नाही, मी मठ्ठ आहे," असे त्याने घरी सांगितले. मी कशीबशी बारावी उत्तीर्ण होऊन अध्यापक विद्यालयाकडे वळलो आणि तेथे सुखी झालो, हे माझे भाग्य. तो मित्र आज शेती करतो. गावातील विहिरींवरच्या मोटारी बिघडल्या की लोक त्यालाच बोलावतात. तारांची जोडणी, दाब, प्रवाह यांचा विचार तो मनातल्या मनात चुटकीसरशी करतो. तो मठ्ठ नव्हता हे सांगावयास चाळीस वर्षांनंतर मोटारींचीच साक्ष काढावी लागते, याचे मला वाईट वाटते. त्याला विषय येत होता, भाषा येत नव्हती. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे त्यालाही ठाऊक नव्हते आणि त्याच्या गुरुजनांनीही ते ओळखले नाही.

न्यूयॉर्कमधील एक महाविद्यालय

विषय आणि भाषा या दोन गोष्टी वेगळ्या ओळखून त्यांची सांगड कशी घालावी, याचे एक सुबोध उदाहरण अमेरिकेत आहे. पोर्तो रिको हे कॅरिबियन समुद्रातील बेट १८९८ साली अमेरिकेच्या ताब्यात आले. तेथील लोकांची भाषा स्पॅनिश. दुसऱ्या महायुद्धानंतर कामधंद्याच्या शोधात हे लोक फार मोठ्या संख्येने न्यूयॉर्क शहरात आले. त्यांच्यामागोमाग इतर देशांतूनही स्पॅनिश बोलणारी कुटुंबे आली. शहराच्या ब्राँक्स नावाच्या भागात त्यांची दाट वस्ती झाली. दिवसा कारखान्यात किंवा हॉटेलात कष्ट करणाऱ्या या लोकांना शिकण्याची इच्छा होती. परंतु महाविद्यालयांची दारे इंग्रजी येणाऱ्यांसाठीच उघडी होती.

लोकांच्या मागणीमुळे न्यूयॉर्कच्या नगर विद्यापीठाने १९६८ साली या भागासाठी एक द्विवर्षीय महाविद्यालय मंजूर केले. पोर्तो रिकोचे थोर शिक्षणतज्ज्ञ एउहेनिओ मारिया दे ओस्तोस यांचे नाव त्याला दिले गेले. वर्ग १९७० साली सुरू झाले, तेही टायरच्या एका जुन्या कारखान्याच्या इमारतीत.

तेथील योजनेचा गाभा असा होता. स्पॅनिश बोलणारा विद्यार्थी पहिल्या सत्रात जीवशास्त्र, समाजशास्त्र, गणित असे काही विषय स्पॅनिशमधून शिके. त्या विषयांचे गुण पदवीसाठी धरले जात. त्याच वेळी रोज त्याचे इंग्रजीचे वर्ग चालत आणि हे वर्ग पायरीपायरीने रचलेले असत. जसजशी इंग्रजी वाढे, तसतसे इंग्रजीतून शिकावयाचे विषय वाढत आणि स्पॅनिशमधले कमी होत. परिचारिका, दंतआरोग्य, क्ष-किरण तंत्र अशा व्यवसायांचे अभ्यासक्रम तेथे होते, आणि त्या व्यवसायांत अखेरीस इंग्रजीतून काम करावयाचे असे. म्हणून इंग्रजी टाळण्याचा प्रश्नच नव्हता. इंग्रजी येईपर्यंत विद्यार्थ्याची दोन-तीन वर्षे रिकामी जाऊ द्यावयाची नाहीत, एवढाच त्यामागचा हेतू होता.

या योजनेचा लाभ कोणाला झाला हे ध्यानी घ्यावे. घरसंसार सांभाळणारी पस्तीस वर्षांची स्त्री केवळ भाषेच्या वर्गात दोन वर्षे बसून राहील, ही अपेक्षा व्यर्थ असते. तिच्या पदरी दर सत्राला काही विषय उत्तीर्ण झाल्याची जमा पडली, तर ती टिकते. सत्तरीच्या दशकात शहराची तिजोरी रिकामी झाल्यावर हे महाविद्यालय दुसऱ्यात विलीन करण्याचा घाट घातला गेला. तेव्हा विद्यार्थी, अध्यापक आणि वस्तीतील लोक रस्त्यावर उतरले आणि महाविद्यालय वाचले. शिक्षणसंस्थेसाठी गरीब लोक असे उभे राहतात, ते ती संस्था त्यांच्या भाषेत त्यांच्याशी बोलते म्हणून.

तथापि या उदाहरणाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९९७ साली पदवीदानाच्या तोंडावर विद्यापीठाच्या विश्वस्त मंडळाने असे बजावले की, इंग्रजी लेखनाची विद्यापीठाची परीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय पदवी मिळणार नाही. तेथील अनेक विद्यार्थी त्या परीक्षेत उत्तीर्ण होऊ शकले नाहीत. मोठा वाद झाला, प्रकरण न्यायालयात गेले. ऐनवेळी नियम आवळणे योग्य होते काय, हा प्रश्न वेगळा. परंतु त्यातून एक गोष्ट उघड झाली. स्वभाषेचा आधार देताना नव्या भाषेची पायरी ढिली ठेवली, तर त्याची किंमत शेवटी विद्यार्थ्यालाच द्यावी लागते. पूल हा पलीकडे जाण्यासाठी असतो. त्यावर घर बांधून राहता येत नाही.

महाराष्ट्रातील अलीकडचा प्रयत्न

आता पुन्हा घराकडे येऊ. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने उच्च शिक्षणातही भारतीय भाषांना स्थान द्यावे, असे म्हटले. त्यानुसार २०२१-२२ या वर्षापासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने काही निवडक महाविद्यालयांस भारतीय भाषांतून अभियांत्रिकीचे शिक्षण देण्याची अनुमती दिली. त्यात हिंदी, तमिळ, तेलुगू, बंगाली यांबरोबर मराठीही होती. पुण्यानजीकच्या पिंपरी-चिंचवड अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक अभियांत्रिकीचा मराठी माध्यमाचा वर्ग सुरू झाला. परिषदेने प्रथम वर्षाची पाठ्यपुस्तके मराठीसह अनेक भाषांत तयार करविली. या पुस्तकांत वाक्ये मराठी असतात आणि जगभर रूढ असलेल्या तांत्रिक संज्ञा इंग्रजी उच्चारानेच ठेवलेल्या असतात. विद्यार्थ्याने कल्पना आपल्या भाषेत समजून घ्यावी आणि तिचे जगातले नावही त्याच वेळी शिकावे, असा त्यातील विचार आहे. प्रवेशाच्या वाटेवरही असा बदल झाला आहे. वैद्यकीय प्रवेशाची राष्ट्रीय परीक्षा २०१७ पासून आणि अभियांत्रिकी प्रवेशाची मुख्य परीक्षा २०२१ पासून मराठीतही देता येते.

या प्रयत्नाची तुलना शंभर वर्षांपूर्वीच्या उस्मानियाशी केली, तर एक फरक दिसतो. उस्मानियाने प्रत्येक संज्ञेला उर्दू प्रतिशब्द घडविण्यावर भर दिला. आजचा प्रयत्न संज्ञा तशीच ठेवून वाक्य स्वभाषेत करतो. आपल्याकडे महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाने १९६० नंतर अनेक शास्त्रांचे मराठी परिभाषा कोश सिद्ध केले आहेत, त्यामुळे शब्दांची वाण नाही. कोणता शब्द वापरावा हा दुय्यम प्रश्न आहे. दोन्ही शब्द विद्यार्थ्याच्या हाती एकाच वेळी पडले पाहिजेत, हे मुख्य होय. "संवेग" आणि "मोमेंटम" हे दोन्ही शब्द दहावीतच माझ्या वहीत शेजारी शेजारी असते, तर माझा मित्र दिवाळीनंतर परत आला असता, असे मला अजूनही वाटते.

असे का होते?

कॅनडातील अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७० नंतरच्या दशकात या विषयाचा जो विचार मांडला, तो आपल्या उपयोगाचा आहे. त्यांच्या मते भाषेची दोन अंगे असतात. एक व्यवहाराचे: खेळणे, मागणे, गप्पा मारणे. नव्या भाषेचे हे अंग मूल साधारणतः दोन वर्षांत आत्मसात करते. दुसरे अभ्यासाचे: कारण सांगणे, तुलना करणे, व्याख्या करणे, लिहिणे. हे अंग पक्के होण्यास पाच ते सात वर्षे लागतात. या भेदाची जाणीव नसल्यामुळे आपण दोन प्रकारच्या चुका करतो. मूल मैदानावर मराठी बोलू लागले की "आता याला मराठी येते" असे आपण धरून चालतो, आणि धडा समजला नाही की त्याला आळशी ठरवितो. किंवा, भाषा पक्की होईपर्यंत विषय थांबवितो. पण पाच-सात वर्षे कोणता विषय थांबू शकेल?

कमिन्स यांचे दुसरे म्हणणे असे की, दोन भाषांच्या खाली विचाराचा पाया एकच असतो. ज्या मुलाला "पाणी तापले की त्याची वाफ होते" हे आपल्या बोलीत समजले, त्याला मराठीत ते पुन्हा समजून घ्यावे लागत नाही. केवळ शब्द शिकावे लागतात. विहीर एकदा खणली की पाणी घागरीने काढा की कळशीने, पाणी तेच. उलटपक्षी, विचारच झाला नाही आणि नुसते शब्द पाठ केले, तर ते रिकाम्या घागरीप्रमाणे वाजतात.

घटनेच्या ३५० क या अनुच्छेदाने भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी पुरविण्याची जबाबदारी राज्यांवर टाकली आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानेही शक्यतो मातृभाषेतून शिकवावे असे म्हटले आहे. प्रत्येक तांड्याला त्या बोलीतील पुस्तक देणे आपल्या हाती नाही, हे मला मान्य आहे. पण वर्गात मुलाच्या भाषेला प्रवेश देणे सर्वस्वी आपल्या हाती आहे.

आपल्या शाळांनी काय करावे?

वरील सर्व विवेचनावरून प्राथमिक शिक्षकांसाठी काही सूचना कराव्याशा वाटतात.

१. विषय थांबवू नये. पहिल्या दिवसापासून गणित व परिसर अभ्यास चालू ठेवावा. मोजणे, वर्गीकरण करणे, निरीक्षण करणे या गोष्टी वस्तूंच्या साह्याने कोणत्याही भाषेत होतात. चिंचोके, ज्वारीची ताटे, दगड ही साधने सर्वत्र आहेत.

२. आधी मुलाच्या भाषेत विचार, मग शाळेच्या भाषेत मांडणी. "पाणी" हा धडा घेताना पाणी कोठून येते, कोण आणते, उन्हाळ्यात काय होते, हे मुलांना आपापल्या बोलीत बोलू द्यावे. शिक्षकाला ती बोली येत नसेल तर वरच्या वर्गातील एखादी मुलगी दुभाषी म्हणून घ्यावी. बोलणे झाले की त्यातील पाच-सहा शब्द मराठीत फळ्यावर लिहावेत. धडा संपताना प्रत्येक मुलाने निदान दोन वाक्ये मराठीत बोलावीत. बोलीतील मोकळेपणा आणि मराठीतील दोन वाक्ये, यांपैकी कोणतेही एक गाळू नये.

३. दुहेरी शब्दवही ठेवावी. तिसरीपासून प्रत्येक मुलाने एक वही करावी. पानाच्या एका बाजूस घरचा शब्द, दुसऱ्या बाजूस मराठी शब्द. गोरमाटीत आईला "याडी" म्हणतात. हा शब्द वहीत पहिला लिहिला, तर मुलाला आपली भाषाही लिहिण्याच्या योग्यतेची आहे हे कळते. सहावीपासून याच वहीत तिसरा रकाना पाडून विज्ञान व गणितातील इंग्रजी संज्ञा देवनागरीत आणि रोमन लिपीत लिहाव्यात. पाठ्यपुस्तकांतून अनेक ठिकाणी इंग्रजी संज्ञा दिलेल्या असतात. आपण त्या वाचून पुढे जातो. त्या वहीत उतरवून घेतल्या, तर आठवीच्या अखेरीस मुलाजवळ महाविद्यालयापर्यंत पुरणारी शिदोरी तयार होईल.

४. परीक्षेत भाषा व विषय वेगळे तपासावेत. गणिताच्या उत्तरात ऱ्हस्व-दीर्घाची चूक असेल तर ती दाखवावी, पण गणिताचे गुण कापू नयेत. तोंडी परीक्षेत मुलाने आपल्या बोलीत बरोबर उत्तर दिले तर "विषय येतो, मराठी शब्द शिकवावयाचे आहेत" अशी नोंद करावी. पुढील शिक्षकाला या एका ओळीचा फार उपयोग होतो.

५. नव्या भाषेची पायरी ढिली ठेवू नये. न्यूयॉर्कच्या उदाहरणाची दुसरी बाजू येथे आठवावी. बोलीला स्थान देणे म्हणजे मराठीची हयगय करणे नव्हे. प्रत्येक महिन्यास मुलाचे मराठी किती पुढे गेले याची मोजणी झाली पाहिजे. पहिलीत दोन वाक्ये, तिसरीत एक परिच्छेद, पाचवीत स्वतःच्या शब्दांत एक पान, असा चढता क्रम शाळेने ठरवून भिंतीवर लावावा. इंग्रजीच्या बाबतीतही तसेच.

६. आपण स्वतः थोडे शिकावे. तांड्यावरील शिक्षकाने गोरमाटीतील, सीमेवरील शिक्षकाने कन्नडमधील शंभर शब्द शिकणे कठीण नाही. मुलांनाच गुरू करावे. गुरुजी चुकले की वर्ग हसतो, आणि त्या हसण्यात त्यांची भीती निघून जाते.

समारोप

ज्या शिक्षिकेच्या प्रश्नापासून हा लेख सुरू झाला, त्यांच्या शाळेस मी दिवाळीनंतर भेट दिली. त्यांनी शब्दवह्या सुरू केल्या होत्या. दुसरीतील एका मुलाने मला तांड्याजवळच्या नाल्यावरील बंधाऱ्याची गोष्ट सांगितली. निम्मी त्याच्या बोलीत, निम्मी मराठीत. पाणी कोठे अडते, कोठे मुरते आणि विहिरीस केव्हा लागते, हा क्रम त्याने बिनचूक सांगितला. त्याच्या वाक्यांत मराठीच्या चुका पुष्कळ होत्या. त्या पुढील दोन-तीन वर्षांत दुरुस्त होतील. बंधाऱ्याचे ज्ञान मात्र त्याने या वर्षीच मिळविले, ते मागे राहिले नाही.

हा मुलगा कदाचित दहा वर्षांनी विज्ञान शाखेत जाईल. तेथे त्याच्यापुढे पुन्हा एक नवी भाषा येईल. त्या वेळी "मला काहीच कळत नाही" असे न म्हणता "हे मला येते, याचे इथले नाव काय ते सांगा" असे तो विचारू शकला, तर आपल्या प्राथमिक शाळेने आपले काम केले असे समजावे.

शिक्षक बंधुभगिनींनी वरील सूचनांचा आपल्या वर्गात प्रयोग करून पाहावा, अडचणी आल्यास शिक्षण परिषदेत मोकळेपणाने मांडाव्यात आणि आपल्या शब्दवह्यांतील निवडक पाने केंद्रप्रमुखांमार्फत पाठवावीत. सर्व केंद्रांतील पाने एकत्र आली, तर आपल्या जिल्ह्यातील बोलींचा एक लहानसा शालेय कोश आपणच सिद्ध करू शकू. नव्याने नेमणूक होऊन तांड्यावर येणाऱ्या शिक्षकास पहिल्याच दिवशी मुलांशी बोलावयाला त्याचे साह्य होईल.